दांडीची किंमत, पेनाचं मोल
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गेल्या दिवाळीत माझी भाची घरी आली ती हातात एक लांबट डबी घेऊन. डबीत फाउंटन पेन होतं. मोरपिशी रंगाचं, आतून सोनेरी धुराची वेटोळी फिरल्यासारखी नक्षी असलेलं आणि काचेसारखं चकचकीत. 'मामा, अ‍ॅक्रिलिकचं आहे. लेथवर हातानं कातलेलं. साडेचार हजार पडले. खरं सांग, एवढ्या पैशांचं आहे का हे?'

प्रश्न सरळ होता, पण मला पटकन उत्तर देता येईना. कारण पेनाची पारख करताना माझे हात एकदा चांगलेच पोळले आहेत.

माझे वडील शाळामास्तर. १९८४ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात दोन पेनं निघाली. एक तपकिरी, सोनेरी पट्ट्यापट्ट्यांचं, मोठ्या पिवळ्याधमक निबेचं. दुसरं काळं, गुळगुळीत, मिटल्या चोचीसारखं. त्याची निब जवळजवळ दिसतच नव्हती, टोक तेवढं बाहेर डोकावत होतं. एडनहून परत आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ते त्यांना दिलेलं. पट्ट्यांचं पेन शाई धरत नव्हतं, म्हणून मी ते सराफाच्या पेढीवर नेलं. त्यानं निब ओढून काढली, काट्यावर ठेवली आणि दोन-तीन गुंजा सोन्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले. उरलेली दांडी मी टाकून दिली. काळं पेन मात्र 'साधं प्लॅस्टिक, याचे कोण काय देणार' म्हणून खणातच राहिलं.

हे दोन्ही निवाडे चुकीचे होते. कसे, ते सांगायचं तर आधी पेनाच्या दांडीचा इतिहास सांगायला हवा.

आपल्याकडे बोरू होता, मग टाक आला. दोघांचं दुखणं एकच. चार शब्द लिहिले की पुन्हा दौतीत बुडी. शाई स्वतःच्या पोटात बाळगणारं पेन करण्याची खटपट युरोपात फार आधीपासून चालू होती. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राके पोएनारू या रुमानियन तरुणानं १८२७ साली अशा पेनाचं फ्रेंच पेटंट घेतलं. पण या जुन्या पेनांची खोड जाईना. एक तर शाई उतरायची नाही, नाहीतर भस्सकन कागदावर सांडायची. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी जे पेटंट घेतलं, त्यात निबेखालच्या जिभेला बारीक चिरा पाडलेल्या होत्या. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं, त्याच नियमानं शाई या चिरांतून सरकते. जेवढी शाई बाहेर जाते, तेवढीच हवा आत येते. फाउंटन पेन म्हणजे लगाम घातलेली गळती, असं म्हटलं तरी चालेल. तो लगाम निबेच्या आणि जिभेच्या हातात असतो. दांडीचं काम शाई सांभाळण्याचं.

पण शाई सांभाळणं सोपं नव्हतं. त्या वेळच्या शाया आम्लधर्मी असत आणि धातू खात. मग दांडी कशाची करायची? उत्तर रबरानं दिलं. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची युक्ती सापडली होती. गंधक पुष्कळ घालून ते मिश्रण बराच वेळ शिजवलं की रबर लाकडासारखं टणक होतं. हेच एबोनाइट. ते लेथवर लोण्यासारखं कातलं जातं, त्यावर आटे छान पडतात, शाई त्याला खात नाही आणि ते हाताला गार लागत नाही. पेनाच्या पहिल्या चाळीस वर्षांत बहुतेक सगळी चांगली पेनं एबोनाइटची होती. शाई त्याच्या अंगावर चांगली पसरते, म्हणून जिभेसाठी ते आजही वाखाणलं जातं.

या एबोनाइटचा आपल्या स्वदेशीच्या इतिहासाशीही संबंध आहे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला देशी फाउंटन पेनं करायला घेतली. त्यांचं एक पेन जे. सी. कुमारप्पांच्या हस्ते वर्ध्याला गांधीजींकडे पोचलं. ग्रामोद्योग संघाचं काम तेव्हा वर्ध्याहूनच चालत असे. गांधीजींनी ते वापरून पाहिलं आणि बाजारात मिळणाऱ्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो, अशा अर्थाचं पत्र जुलै १९३५ मध्ये रत्नम यांना धाडलं. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांनी आधी पेन वापरलं आणि मग अभिप्राय दिला. पेनाची पारख याच क्रमानं होते. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली, तोही हाच काळ. पुढे त्यांची कॅमल शाई घराघरांत गेली.

एबोनाइटला दोन खोडी होत्या. ऊन आणि पाणी लागलं की आतलं गंधक त्रास देतं आणि काळा रंग विटून शेवाळी-तपकिरी होतो. शिवाय ते ठिसूळ. फरशीवर पडलं की दोन तुकडे. रंगही मोजकेच, काळा आणि लाल. पार्कर कंपनीनं १९२१ मध्ये नारिंगी-लाल 'ड्युओफोल्ड' सात डॉलरना विकायला काढलं तेव्हा त्या रंगाचंच केवढं कौतुक झालं!

मग आलं सेल्युलॉइड. शेफर कंपनीनं १९२४ मध्ये आणि पार्करनं १९२६ मध्ये ते उचललं. मोती, संगमरवर, जेड, कासवाची पाठ, हवी ती नक्षी त्यात उतरवता येई. ते सहजी फुटत नाही हे पटवायला पार्करवाल्यांनी पेनं विमानातून खाली टाकून दाखवली आणि त्याच्या जाहिराती केल्या. वडिलांचं पट्ट्यांचं पेन याच जातीचं. सेल्युलॉइड बनतं नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून. होय, आपल्या देवघरातला कापूर. जुन्या सेल्युलॉइड पेनाचं टोपण उघडून नाकाशी धरलंत, तर कधी कधी तो वास अजून येतो.

पण कापूर उडून जाणारा पदार्थ. तो जसजसा उडतो तसतशी दांडी आक्रसते. आतल्या रबरी पिशवीतून निघणाऱ्या गंधकाच्या वाफांनी फिके रंग पिवळे पडतात. आणि नायट्रोसेल्युलोज म्हटलं की आगीची भीती. मूकपटांच्या जमान्यातल्या फिल्मा याच पदार्थाच्या होत्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मांच्या कोठीला आग लागून आपल्या सिनेमाचा मोठा ठेवा गेला, ते आपल्याला आठवत असेल.

अ‍ॅक्रिलिकचा जन्म मात्र पेनासाठी झालाच नाही. ओटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०१ साली अ‍ॅक्रिलिक आम्लाच्या संयुगांवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. पुढे डार्मस्टाट इथल्या त्याच्या कंपनीनं १९३३ मध्ये 'प्लेक्सिग्लास' हे नाव नोंदवलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये 'पर्स्पेक्स' आलं आणि अमेरिकेत ड्युपाँट कंपनीचं 'ल्युसाइट'. नावं तीन, पदार्थ एकच. काचेपेक्षा निम्म्याहून कमी वजनाचा आणि तरी पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देणारा. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या चालकांपुढचे पारदर्शक घुमट त्याचे झाले. दंतवैद्यांनी त्याच्या कवळ्या केल्या.

याच पदार्थाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. असे घुमट फुटून त्याचे कण ज्या वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, त्यांचे डोळे ते कण असूनही सुजत नाहीत, असं हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञाच्या ध्यानात आलं. त्यावरून त्यानं नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. ते अ‍ॅक्रिलिकचंच होतं. तेव्हा 'प्लॅस्टिकच ते' असं म्हणून नाक मुरडण्याआधी थोडं थांबावं.

पेनात अ‍ॅक्रिलिक आलं ते शाईच्या हट्टापायी. पार्कर कंपनीला अशी शाई करायची होती, जी कागदावर पडताक्षणी सुकेल आणि टिपकागदाची गरजच उरणार नाही. शाई झाली, पण ती अतिशय अल्कधर्मी होती आणि सेल्युलॉइडची वाट लावत होती. म्हणून १९४१ मध्ये बाजारात आलेल्या 'पार्कर ५१' ची दांडी ल्युसाइटची केली. शाई निबेवरच सुकू नये म्हणून निब टोकापर्यंत झाकून घेतली. ती मिटल्या चोचीसारखी घडण यातून आली. शोभेसाठी ती नव्हती. त्या शाईच्या बाटलीवर 'ही फक्त ५१ मध्येच भरावी' अशी सूचना असे. पेनाची किंमत साडेबारा डॉलर.

१९४५ चं महायुद्ध संपलं तेव्हा या दोन पिढ्यांची पेनं दोन टोकांना हजर होती. ७ मे रोजी फ्रान्समधल्या ऱ्हाँस इथं जर्मनीनं शरणागती पत्करली आणि जनरल आयसेनहॉवर यांनी दोन पेनं इंग्रजी 'व्ही' सारखी धरून छायाचित्र काढून घेतलं. ती पार्कर ५१ होती. २ सप्टेंबरला जपानच्या शरणागतीवर सह्या करताना जनरल मॅकआर्थर यांनी वापरलेल्या पेनांत त्यांच्या पत्नीचं जुनं नारिंगी ड्युओफोल्ड होतं.

आणि त्याच वर्षी, २९ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या गिंबल्स या दुकानात रेनॉल्ड्सचं बॉलपेन विकायला आलं. किंमत साडेबारा डॉलर, म्हणजे नेमकी पार्कर ५१ इतकीच! पहिल्याच दिवशी जवळजवळ दहा हजार पेनं खपली. पुष्कळशी गळकी निघाली. दोन-तीन वर्षांत तशी पेनं एका डॉलरच्याही खाली आली. ५१ मात्र टिकून राहिलं. एकाच वर्षी, एकाच किमतीला विकल्या गेलेल्या या दोन वस्तू. किंमत आणि मोल यांत फरक काय, हे समजायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आपल्याकडे आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात परदेशाहून आलेलं ५१ म्हणजे मानाची वस्तू. सदऱ्याच्या खिशाला ते दिसलं की माणूस बडा. शांघायच्या हिरो पेनांनी तीच घडण उचलली आणि कॉलेजातल्या मुलांची हौस भागवली. पण मग बॉलपेन सगळीकडे पसरलं. साच्यात ओतलेल्या स्वस्त प्लॅस्टिकची शाळकरी पेनं टोपणाच्या काठाशी तडकू लागली, आणि 'प्लॅस्टिकचं पेन' म्हणजे टाकाऊ, असं आपल्या मनानं घेतलं. माझाही समज त्यातूनच झालेला.

तो दूर केला पेनं दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. गल्लीच्या तोंडाशी हातभर फळीवर त्यांचं दुकान. वडील गेल्यावर वीस वर्षांनी ते काळं पेन मी सहज त्यांना दाखवलं. त्यांनी ते दिव्याच्या उबेवर जरासं धरलं, पुढची चोच फिरवून काढली आणि म्हणाले, 'साहेब, सोनं आत आहे.' आत चौदा कॅरटची निब होती. रात्रभर पाण्यात ठेवल्यावर सुकलेली शाई सुटली आणि दुसऱ्या दिवशी पेन लिहू लागलं. दांडी आक्रसली नव्हती, विटली नव्हती, तिला कसला वास नव्हता. मी चाचरत त्यांना त्या दुसऱ्या पेनाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, 'शाई धरत नव्हतं म्हणजे पोटातली रबरी पिशवी सुकली असणार. अर्ध्या तासाचं काम होतं.'

तेव्हापासून मी त्यांच्याकडून जे थोडंफार शिकलो, ते भाचीच्या पेनाला लावून पाहिलं.

पहिली गोष्ट दांडीची. आज अ‍ॅक्रिलिक म्हणून विकली जाणारी प्रत्येक दांडी अ‍ॅक्रिलिकची असतेच असं नाही. रंगीबेरंगी कांड्यांत पॉलिएस्टर आणि दुसरी रेझिनंही असतात. ती वाईट नसतात, पण 'रेझिन' हा शब्द मोठा झाला म्हणून पदार्थ मोठा होत नाही. कच्च्या कांडीची किंमत पेनाच्या किमतीत बहुधा लहान असते. खरा खर्च कातण्याचा आणि झिलई देण्याचा. म्हणून तिरप्या उजेडात दांडी फिरवून पाहावी. लेथच्या हत्याराच्या बारीक वळ्या दिसल्या, तर झिलई घाईत झाली. टोपणाच्या काठाची जाडी सगळीकडे सारखी हवी, कारण तडा बहुधा तिथूनच जातो. आटे बोटाला खरखरीत लागू नयेत आणि टोपण शेवटपर्यंत न अडखळता बसावं. टोपणात हवा शिरत असेल तर निब सुकते. आठवडाभर पेन बंद ठेवून मग पहिल्याच रेघेला ते उमटतं का, ही साधी परीक्षा घरीही करता येते.

एक करू नये. पदार्थ ओळखायला तापलेली सुई टोचू नये. जुनं सेल्युलॉइड असेल तर ते पेट घेईल. अ‍ॅक्रिलिक स्पिरिटनं किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवानं पुसू नये. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात किंवा ते विरघळू लागतं. साधं गार पाणी आणि मऊ फडकं पुरे.

दुसरी गोष्ट निबेची. सोन्याची निब म्हणजे चांगली निब असं नव्हे. चौदा कॅरट म्हणजे साडेअठ्ठावन्न टक्के सोनं, पण कागदावर सोनं घासतच नाही. घासतो तो टोकावरचा कठीण मिश्रधातूचा बारीक मणी. त्याला सवयीनं इरिडियम म्हणतात, जरी आज त्यात इरिडियम नावापुरतं किंवा मुळीच नसतं. पोलादी निबेवरही तोच मणी असतो. भिंगातून पाहिलं तर निबेच्या दोन्ही पाकळ्या एका पातळीत हव्यात आणि मधली फट टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी. त्याखालची जीभ निबेला चिकटून हवी. हे जुळलं असेल तर पेन हाताचं वजन न टाकता लिहितं. जुळलं नसेल तर दांडी मोरपिशी असो की हस्तिदंती, ते पेन शोभेचं.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. निब बदलता येते का? शाई ओढणारा भाग बाजारात सुटा मिळतो का? आटे कुठल्या मापाचे आहेत? ज्या पेनाची एकही वस्तू बाहेरून आणून बसवता येत नाही, ते पेन करणारा धंदा बंद झाला की पेनही संपलं.

भाचीचं पेन मी भिंगाखाली धरलं. दांडी चोख होती. आटे स्वच्छ, काठ जाड, झिलई आतपर्यंत. निब मात्र पोलादाची होती आणि तिची एक पाकळी केसभर वर होती, म्हणून कागदावर खरवडत होती. नखानं हलकेच दाबून ती समपातळीत आणली आणि पेन वाहू लागलं. मी तिला म्हटलं, 'साडेचार हजारांतले बहुतेक पैसे कारागिराच्या हाताचे आहेत आणि ते काही फार नाहीत. निबेचा भाग कारखान्यात सुटा मिळणारा आहे. उद्या विकायला गेलीस तर निम्मेही येणार नाहीत. पण रोज लिहिणार असशील तर घेतलंस ते बरं केलंस.'

मग तिनं विचारलं, 'आणि आजोबांचं ते पट्ट्यांचं पेन कसं होतं रे?'

पेपर तपासताना वडिलांना दांडीचं मागचं टोक दातात धरायची सवय होती. त्या सेल्युलॉइडवर त्यांच्या दातांच्या बारीक खुणा उमटल्या होत्या. सराफानं निब काढून दांडी मला परत दिली, तेव्हा त्या खुणा मी पाहिल्या होत्या, आणि तरीही ती टाकून दिली. त्या दिवशी मला माझ्या मते बरे पैसे मिळाले होते.

भाचीला म्हटलं, 'तपकिरी होतं. सोनेरी पट्ट्यांचं. छान लिहायचं.' मग खणातलं काळं पेन काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, 'हेही अ‍ॅक्रिलिकच आहे. लिहून बघ.'